सेसान नक्की खरा कुणाचा? ओकिनावाचे काता आणि त्यांची वेगवेगळी रूपं

काळा_पट्टा_पेंडिंग

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते शेवटी टाकतोच इथे. आमचा क्लास कराटेचा, शोतोकान शैलीचा, ठाण्यात. ब्राऊन बेल्टला हंगेत्सु हा काता (ठरलेल्या चालींचा क्रम) शिकवला आणि सेन्सेई (शिक्षक) सहज बोलून गेले की हा ओकिनावातला, म्हणजे जिथून कराटे आलं त्या जपानी बेटावरचा, सेसान आहे, नाव नंतर बदललं. झालं, घरी येऊन यूट्यूबवर सेसान शोधला तर जे काही दिसलं त्याने डोकंच फिरलं. एकजण मुठी आवळून फुसफुस श्वास घेत सावकाश चालतोय, दुसरा हात उघडे ठेवून भाल्यासारखी बोटं खुपसतोय, तिसरा आमच्यासारखाच वाटतो पण इतका उंच उभा की आमच्याकडे सेन्सेईंनी गुडघ्यामागे काठी लावली असती. आणि खाली कमेंटमध्ये सगळे एकमेकांना "तुमचा खोटा" म्हणून शिव्या घालतायत.

तर प्रश्न असा की यातला मूळ कुठला? आणि मूळ एकच असेल तर बाकीचे बिघडलेले समजायचे का? शोतोकानवाला म्हणून टोमणे खायची तयारी ठेवूनच विचारतोय.

खोडसाळ_कोकम

शोतोकानवाल्यांनी गुडघे आधीच इतके वाकवलेत की टोमणे वरून जातील. निवांत रहा.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

नाहाचा_पाहुणा

योकोहामात नोकरी करतो, गोजू र्‍यू करतो (र्‍यू म्हणजे कराटेची शैली) आणि सुट्टी मिळाली की ओकिनावात नाहाला एका दोजोत (कराटेच्या वर्गात) जाऊन घाम गाळतो, तेव्हा जरा लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे सेसान हा एकच असा काता आहे जो ओकिनावाच्या जवळजवळ सगळ्या घरांत सापडतो. शुरी, तोमारी, नाहा ही तीन गावं, आज सगळी नाहा शहरातच आली, चालत फिरता येतील इतकी जवळ. पण शुरी म्हणजे राजवाडा आणि दरबारी लोक, नाहा म्हणजे बंदर आणि चीनशी व्यापार. १८७९ ला जपानने ओकिनावावरचं र्‍युक्यूचं राज्य खालसा केलं तोवर हे असंच होतं. शिक्षक वेगळे, त्यांचे चीनमधले गुरू वेगळे, मग काता एकसारखा कसा राहील?

आता तू पाहिलेले तीन. फुसफुसवाला बहुतेक गोजू र्‍यूचा. तो हिगाओन्ना कानऱ्यो यांच्याकडून आला, ते फुजियान प्रांतातल्या फुजोला जाऊन शिकून आले होते. सुरुवातीची तीन पावलं सानचिन-दाचीत (सानचिन या काताच्या पवित्र्यात, दाची म्हणजे पवित्रा), पाय चंद्रकोरीसारखा आत घेऊन पुढे, दोन्ही हात मध्यावर, एक ठोसा आणि हात परत जागेवर. थोडक्यात सेसानच्या डोक्यावर सानचिन बसवलाय. बोटं खुपसणारा म्हणजे उएची र्‍यू. उएची कानबुन १८९७ ला चीनला गेले, तेही फुजोलाच, आणि १९१० ला परतले. त्यांनी आणलेले काता तीनच, सानचिन, सेसान आणि सानसेर्‍यू. बाकीचे पाच पुढे मुलाच्या आणि शिष्यांच्या काळात त्यांच्यामध्ये भरले गेले. हिगाओन्ना आणि उएची एकाच शहरात शिकले, फक्त वीसेक वर्षांच्या फरकाने, तरी दोघांचे सेसान शेजारी ठेवले तर वाटतं हे नात्यातले आहेत पण एका घरात वाढलेले नाहीत.

तिसरा उंच उभा राहणारा तो शुरीचा, क्यान चोतोकु यांच्या परंपरेतला असावा. आणि तुझा हंगेत्सु त्याचाच. सुरुवातीची तीन पावलं बघ, आत-बाहेर अडवायचं आणि उलट्या हाताने ठोसा, डावा उजवा डावा. शुरीवाले हे चालल्यासारखं मोकळं करतात. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी यांच्या नंतरच्या पिढ्यांनी त्यात तो मंद श्वास आणि रुंद हंगेत्सु-दाची घातली, त्यामुळे वरून नाहाचा वाटतो. पण सांगाडा शुरीचा आहे. म्हणून गोजूवाला मित्र "आमचाच आहे रे" म्हणाला तर अजिबात ऐकू नकोस, मी गोजूवाला असून सांगतोय.

तंबोरा_जुळवतोय

वा, भारी माहिती. मला कराटेतलं ओ की ठो कळत नाही, पोरगी जाते म्हणून धागा उघडला. पण हे वाचून सरळ घराणी आठवली. राग तोच, बंदिशही तीच, पण किराण्याचा गाणारा आलापीत रमणार आणि आग्र्याचा लयीला भिडणार. तिथे कुणी "मूळ यमन कुठला" विचारत नाही.

नाहाचा_पाहुणा

@तंबोरा, ऐकायला मस्त आहे पण एका जागी गाडी अडते. गायक त्याच बैठकीत बंदिश दरवेळी वेगळी मांडतो, तीच तर मजा. कातात तसं केलंत तर सेन्सेई हाकलून देतील. काता करणाऱ्याला वाटतं की आपण तिळमात्र बदल करत नाहीये, आणि तरीही तीन पिढ्यांत तो बदलतो. म्हाताऱ्या शिक्षकाचा गुडघा दुखायला लागला की त्याची लाथ खाली येते आणि शिष्य ती खालचीच लाथ "परंपरा" म्हणून पुढे देतात. हे मी थट्टेने लिहीत नाहीये, नाहात एका वयस्कर सेनपाईंनीच (सीनियरनीच) मला हसत हसत सांगितलं, आणि मग स्वतः उठून दोन्ही लाथा करून दाखवल्या.

बेल्टवाले_काका

नाशिकहून. पोरांना शिकवतोय बरीच वर्षं. @काळा_पट्टा, तू विचारलंस ते चांगलं, पण "बिघडलेले" हा शब्द जरा जपून वापर बाळा, कारण बदल दोन प्रकारचे असतात. एक वर पाहुण्यांनी सांगितला तो, नकळत होणारा. दुसरा मुद्दाम केलेला. आणि मुद्दाम करणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव इतोसु आन्को.

इतोसुंनी कराटे शाळेत नेलं. १९०१ च्या सुमाराला शुरीच्या प्राथमिक शाळेत, मग १९०५ ला वरच्या शाळेत, आणि १९०८ ला शिक्षण खात्याला दहा कलमांचं पत्र लिहिलं. आता पन्नास-साठ पोरं एका मैदानात उभी करायची तर कुसांकुसारखा लांबलचक काता कसा शिकवणार, म्हणून पाच छोटे काता केले, पिनान. पोरांच्या हाती धोकादायक गोष्टी नकोत म्हणून बऱ्याच उघड्या हातांच्या मुठी झाल्या. आज जगात लाखो पोरं यलो बेल्टला जे करतात ते हे शाळेसाठी केलेलं कराटे आहे, आणि त्यात काही वाईट नाही, माझी चूल त्याच्यावरच पेटते.

पुढे फुनाकोशींनी तोक्योत पिनानचं हेइआन केलं आणि पहिल्या दोघांची अदलाबदल केली. म्हणून ओकिनावातल्या शोरिन शैलीवाल्यांचा पिनान निदान (दुसरा) तो शोतोकानचा हेइआन शोदान (पहिला). आंतरशैली शिबिरात "शोदान, हाजिमे" (सुरू करा) म्हटलं की निम्मी पोरं एक काता सुरू करतात आणि निम्मी दुसरा, दरवर्षीचा तमाशा. शितो र्‍यूवाले तोच काता मांजरीच्या पवित्र्यात, नेकोआशीत, हातोडी मूठ वरून आणून सुरू करतात आणि शोतोकानवाले लांब झेनकुत्सुत (पुढचा गुडघा वाकवलेल्या पवित्र्यात) गेदान बाराईने, म्हणजे खाली अडवून. शोतोकानमध्ये जिथे बाजूची लाथ आहे, हेइआन निदानमध्ये, कांकुमध्ये (म्हणजे कुसांकुत), तिथे ओकिनावाच्या बहुतेक शाळांत साधी समोरची माए गेरी आहे. उंच बाजूची लाथ आणि खोल पवित्रे हे फुनाकोशींचे चिरंजीव योशिताका यांच्या काळात जास्त आले.

काळा_पट्टा_पेंडिंग

काका, म्हणजे मी कांकु दाईमध्ये जी योको गेरी (बाजूची लाथ) सुधारण्यासाठी अख्खा उन्हाळा कंबर मोडून घेतली ती मुळात नव्हतीच??

खोडसाळ_कोकम

कंबर मात्र ओरिजिनल होती.

रॅलीची_रेवा

नॉर्थ कॅरोलायनातून लिहितेय. इथे गल्लोगल्ली इशिन र्‍यू आहे, कारण ओकिनावाच्या तळावर असलेले मरीन्स परत येताना तेच शिकून आले. मी मुलासोबत सुरू केलं, मुलाने सोडलं, मी अजून जातेय :)

आमचे संस्थापक शिमाबुकु तात्सुओ, १९५६ ला शैली काढली. ते क्यान यांच्याकडेही शिकले आणि गोजूचे संस्थापक मियागी यांच्याकडेही, त्यामुळे आमच्याकडे शुरीचा सेसान, चिंतो, कुसांकु आणि नाहाचा सेउंचिन, सानचिन हे सगळं एकाच ताटात. शेवटी सुनसु हा त्यांचा स्वतःचा काता. ठोसा आमचा उभ्या मुठीचा, अंगठा वर, मूठ फिरवत नाहीत. सेसान आमच्याकडे व्हाइट बेल्टचा पहिला काता आहे, ब्लॅक बेल्टच्या जवळचा नाही! हे वाचून @काळा_पट्टा यांना चक्कर येईल.

आणि नायहान्ची, आडव्या रेषेत चालणारा काता. सगळं जग उजवीकडे जातं, आम्ही डावीकडे. इथे एका शिबिरात शोरिनवाल्या बाई शेजारी उभ्या होत्या, पहिल्याच पावलाला आम्ही एकमेकींच्या अंगावर आदळलो. मग जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला पाय दाखवले. आमच्या आणि त्यांच्या नायहान्चीत पावलांची टोकं थोडी आत वळलेली, उंची साधारण खुर्चीच्या काठावर टेकल्यासारखी. त्यांनी माझ्या गुडघ्यावर बाहेरून पाय ठेवून हलकंसं दाबलं, टोकं आत असताना मी हलले नाही, टोकं सरळ केल्यावर लगेच आत कोसळले. मग शोतोकानच्या तेक्कीसारखं (तिथे याच काताला तेक्की म्हणतात) रुंद, घोड्यावर बसल्यागत उभं केलं, तिथे पुन्हा स्थिर पण पाऊल उचलायला वेळ लागला. ती लाथ येते ना, तळवा उचलून दुसऱ्या मांडीच्या आतपर्यंत, नामि गाएशी, ती अरुंद पवित्र्यात पटकन जाते आणि रुंदात अख्खं अंग डुलतं. मी तेव्हापासून कुणाचं बरोबर हे विचारायचं सोडलं, कुठल्या कामासाठी बरोबर एवढंच विचारते.

नाहाचा_पाहुणा

रेवाताई, तो गुडघ्याचा प्रयोग लाखमोलाचा. मोतोबु चोकि यांच्याबद्दल एक तर असंच म्हणतात की मारामारीला लागणारं सगळं त्यांनी नायहान्चीतून काढलं. त्यांच्या १९२६ च्या पुस्तकात जोडीने करायच्या चाली आहेत, त्या पाहिल्या की कळतं, सगळं हाताच्या अंतरावरचं, जवळून, पकडून. आज स्पर्धेत नायहान्ची कुणी करत नाही कारण त्यात उडी नाही, फिरकी नाही, बघणाऱ्याला काही दिसत नाही.

मालवणी_माए_गेरी

चिंतोचं पण सांगा की कुणीतरी. आमच्या शितोच्या पोरांना सगळ्यात जास्त आवडतो, बगळ्यासारखं एका पायावर.

बेल्टवाले_काका

चिंतो हे तर उत्तम उदाहरण. शोतोकानचा गानकाकु तो हाच. इतोसुंच्या परंपरेत तो पुढे-मागे अशा सरळ रेषेत चालतो. तोमारीच्या मात्सुमोरा परंपरेतला, म्हणजे मात्सुबायाशीवाल्यांचा, डावी-उजवीकडे आडवा. आणि क्यान यांचा चक्क तिरपा, पंचेचाळीस अंशात. तीच उडती दुहेरी लाथ, तोच बगळा, पण जमिनीवरची रेघ वेगळी.

क्यान यांची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांनी पासाई ओयादोमारींकडून घेतला, चिंतो मात्सुमोरांकडून, वानसु माएदांकडून, कुसांकु योमितानच्या यारांकडून. म्हणजे पूर्ण सेट एका गुरूकडून उचलला नाही, ज्याचा जो काता पक्का त्याच्याकडून तो. आणि म्हणतात की ज्याच्याकडून जसा घेतला तसाच पुढे दिला, सगळे एका साच्यात घालून इस्त्री केली नाही. त्यामुळे क्यान यांच्या शिष्यांचे काता बघताना कधी कधी वाटतं की प्रत्येक काताचा स्वभाव वेगळा आहे. इतोसुंचे बघा, सगळे एका शिंप्याने शिवल्यासारखे.

पासाईमध्ये, ज्याला बस्साईही म्हणतात, हे स्पष्ट दिसतं. तोमारीचा पासाई बराचसा उघड्या हातांचा, चपळ. इतोसुंचा मुठींचा, दणकट. शितो र्‍यूवाल्यांनी तर शहाणपणा केला, माबुनि केनवा हे इतोसुंकडेही शिकले आणि हिगाओन्नांकडेही, त्यांनी निवड केलीच नाही, बस्साई दाई, बस्साई शो, मात्सुमुरा बस्साई, तोमारी बस्साई, इशिमिने बस्साई, सगळे ज्याच्या त्याच्या नावाने ठेवले. पन्नासाच्या वर काता झाले, पोरं रडतात, पण निदान कुठलं कुठून आलं ते नावातच आहे.

ऑडिटर_आजोबा

सगळं ठीक आहे पण पुरावा काय? "म्हणतात", "परंपरा सांगते", हेच चाललंय. कुणाच्या तरी वहीत लिहिलेलं असेल ना.

नाहाचा_पाहुणा

आजोबा, आक्षेप रास्त आहे. पण वह्या फार नव्हत्याच, तोंडी आणि अंगावरून चालायचं. कुसांकु नावाच्या चिनी माणसाचा उल्लेख १७६२ च्या ओशिमा हिक्की या नोंदीत आहे, पण त्यात आज आपण करतो तो काता नाही. आणि जे काही लिहिलेलं, फोटो काढलेलं होतं ते युद्धात गेलं. १० ऑक्टोबर १९४४ च्या हवाई हल्ल्यात नाहा शहराचा बहुतांश भाग जळाला, मग १९४५ ची लढाई. मियागींचे लाडके शिष्य शिनझातो जिनआन त्यात गेले, क्यान लढाईतून वाचले पण त्याच वर्षी वारले. म्हणजे अर्ध्या शाळांत ज्या माणसाला विचारायचं तोच उरला नाही.

मियागींच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. ते सगळ्यांना सगळे काता शिकवत नसत. सानचिन सगळ्यांना, आणि मग अंगकाठी, स्वभाव बघून एक-दोन. १९५३ ला ते गेल्यावर शिष्यांनी एकमेकांकडून पुरं करून घेतलं. आज जुनदोकान, मेइबुकान, शोरेइकान, जपानातली गोजू-काई या गोजूच्या शाखांचे काता शेजारी ठेवा, तोच सेपाई, तोच कुरुरुनफा, पण कुठे पाय वेगळा, कुठे वेग, कुठे हात उघडा. हिगाओन्नांचे दुसरे शिष्य क्योदा जुहात्सु, त्यांच्या तोऊन र्‍यूतला सानसेरू तर गोजूच्या सानसेरूपेक्षा ओळखू येणार नाही इतका निराळा. गुरू एकच होता!

मालवणी_माए_गेरी

एक साइड प्रश्न. बाबांना (वय ६०+) हौस म्हणून सानचिन शिकायचाय, बीपीची गोळी चालू आहे. तो जोरात श्वास घेणं ठीक आहे का?

रॅलीची_रेवा

आधी डॉक्टरांना विचारा, कराटेच्या सेन्सेईंना नाही. अंग आवळून श्वास रोखला की बीपी चढतं हे जिमवाल्यांनाही सांगतात, तेच इथे.

नाहाचा_पाहुणा

रेवाताईंना +१. बाकी सानचिनचीही रूपं आहेत म्हणून सांगतो. हिगाओन्नांचा आधी उघड्या हातांचा होता असं सांगतात, मुठी मियागींनी आणल्या, आणि एक छोटं रूप केलं ज्यात वळायचंच नाही, पुढे जायचं आणि तसंच मागे यायचं. उएचीवाल्यांचा अजून उघड्या हातांचा आणि तो खर्जातला घरघराट नाही, श्वास छोटा, सहज. बाबांसाठी डॉक्टर हो म्हणाले तर त्या बाजूचा बघा. आणि कुणी खांद्यावर फटके मारून तपासायला लागलं, त्याला शिमे म्हणतात, तर बाबांना सांगा हात जोडून बाजूला व्हायचं.

काळा_पट्टा_पेंडिंग

आता स्पर्धेचं बोला. तिथे कुठलं रूप चालतं?

बेल्टवाले_काका

दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. जागतिक संघटनेच्या यादीत शंभरच्या वर काता आहेत आणि शैलीतले छोटे फरक चालतात असं नियमातही आहे. कागदावर. माझ्या एका मुलीने जिल्हा पातळीवर ओकिनावा पद्धतीचा सेउंचिन केला, पवित्रा थोडा उंच, शेवटाला घाई नाही. खाली आल्यावर एक पंच म्हणाले, "बेटा, स्टान्स खोल घे, चेहऱ्यावर पॉवर दाखव." स्टान्स खोल होता की नाही हा त्या काताचा प्रश्नच नव्हता. नाव घेत नाही, माणूस वाईट नाही, त्याने आयुष्यभर एकाच शैलीचे काता पाहिलेत. पण मुलगी दोन आठवडे क्लासला आली नाही.

खोडसाळ_कोकम

काका, पण किउना रियोने मग कसं जिंकलं? तो तर ओकिनावाचाच.

नाहाचा_पाहुणा

तोच गमतीचा भाग. तोक्यो ऑलिम्पिक, ६ ऑगस्ट २०२१, किउनाने फायनलला ओहान दाई केला आणि ओकिनावाला पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळालं. व्यासपीठावर आईचा फोटो घेऊन उभा होता. त्याची शैली र्‍यूएई र्‍यू, ती नाकाइमा घराण्याची, पिढ्यान्‌पिढ्या घरातच ठेवलेली, बाहेरच्यांना शिकवायला लागून फार काळ झालेला नाही. त्याचे गुरू साकुमोतो त्सुगुओ १९८४, ८६, ८८ असे लागोपाठ तीनदा जगज्जेते, आनान करून. त्यानंतर जगभरातले स्पर्धक, ज्यांचा र्‍यूएई र्‍यूशी काही संबंध नाही, आनान आणि पाइकु करायला लागले कारण मार्क पडतात. म्हणजे एका कुटुंबाचे काता चाळीस वर्षांत जगातल्या प्रत्येक जिमखान्यात पोचले, आणि पोचताना त्यांचीही स्पर्धेची आवृत्ती झाली. वेग आणि थांबे ताणलेले, आवाज यावा म्हणून झटके. नाहाच्या दोजोत तोच हात कमी आवाज करतो.

ऑडिटर_आजोबा

म्हणजे शेवटी कुठला खरा ते सांगितलंच नाहीत कुणी.

बेल्टवाले_काका

आजोबा, मियागी आणि मात्सुबायाशीचे नागामिने या दोघांनी १९४० च्या सुमाराला प्रत्येकी एक सोपा काता केला, सगळ्या शाळांना एकत्र शिकता यावा म्हणून, फुक्युगाता एक आणि दोन. दुसरा तोच गोजूचा गेकिसाई दाई इची. म्हणजे जन्मतारीख, बाप, सगळं माहीत आहे. तरी आज चार दोजोत चार तऱ्हेने होतो. ज्याचा करणारा माहीत आहे त्याची ही गत, सेसानचं काय घेऊन बसलात.

काळा_पट्टा_पेंडिंग

बरं मग मी प्रॅक्टिकल विचारतो. परीक्षा डिसेंबरात आहे. क्यान यांचा सेसान सोबत शिकू का, की गोंधळ होईल?

बेल्टवाले_काका

होणारच. पहिली तीन पावलं सारखी असल्याने हात आपोआप पुढचं करायला जातात आणि पहिल्या वळणाला तू हंगेत्सुतून सेसानमध्ये घुसशील, पाहिलंय मी. परीक्षेपर्यंत हंगेत्सुच कर, तुझे सेन्सेई करतात तसाच. तोंडी परीक्षेत विचारलं तर शुरीचा सेसान, फुनाकोशींनी नाव बदललं, एवढं सांग आणि गप्प बस. जानेवारीत नाशिकला ये, आमच्याकडे एक शोरिनवाला येतो रविवारी सकाळी.

रॅलीची_रेवा

आणि नायहान्ची शिकलात तर शेजारी कोण उभं आहे ते आधी बघून घ्या.

मालवणी_माए_गेरी

चिंतोच्या तिरप्या रेघेवर वेगळा धागा काढा ना कुणी, बंकाईसकट (चालींच्या वापरासकट). आमच्या हॉलच्या फरशा सरळ आहेत, पोरं पंचेचाळीस अंश कसे पकडणार तेच कळत नाहीये.

नाहाचा_पाहुणा

फरशीच्या कर्णावर टेप लावा. धागा काढतो, शनिवारी वेळ आहे.